अक्का, टिपरू खालीच पडलं होतं

अक्का,

तू गेल्यापासून इथं कागलला तुझ्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस मला एकच सांगून जातोय, "फार शांत होत्या हो तुमच्या ताई." परवा उचगावहून आलेल्या एका पावण्यांनी तर हात जोडून सांगितलं, "आवाज म्हणून कधी चढला न्हाय त्यांचा." मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मला हुंदका आला. हसू आलं होतं गं मला! तुझा आवाज कधी खाली उतरलाच नाही, तर चढणार कुठून?

या सगळ्यांना सतरंजीवर नीट बसवून छत्रीवाल्यांची गोष्ट सांगावी असं मला सारखं वाटतंय. पण सुतकाच्या घरात टीव्ही, बँड, टिपरू असलं काही काढलं तर माणसं म्हणतील, धाकटीला धक्का बसलाय. म्हणून तुलाच सांगते. तुला सगळी पाठ आहे, तरी सांगते. आजवर दर वेळी तू मधेच तोडून तुझंच घुसडायचीस. आज पहिल्यांदा ती माझ्या मनासारखी सांगून होईल.

आपल्या उचगावच्या गल्लीत टीव्ही एकच, कांबळे गुरुजींच्या सोप्यात, त्या पुढच्या पडवीत. लाकडी शटरचा. शटरला इवलंसं कुलूप आणि त्याची किल्ली रमाकाकूंच्या कमरेला. उचगावातली निम्मी पोरं त्या किल्लीवर डोळा ठेवून मोठी झाली. आपल्याला एक फायदा होता. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. बाकीच्या पोरांना त्यांच्या आया "आधी जेवा, मग जावा" म्हणून अडवून ठेवायच्या, तोवर आपण दोघी गुरुजींच्या सोप्यात पहिल्या ओळीत मांडी घालून बसलेल्या असायचो. धर्माचा एवढा रोकडा फायदा मला पुढं कधी झाला नाही.

अव्वाही यायची. आपली आई टीव्हीपेक्षा टीव्ही बघणाऱ्यांकडंच जास्त बघायची. रमाकाकू चहा पुढं करायच्या आणि ती मान हलवायची, कारण दिवस मावळल्यावर ती पाणीसुद्धा घेत नसे. मग एकदा तिच्या मनात आलं, काकूंना भलतंच वाटत असेल, आपल्या घरचा चहा म्हणून नको म्हणतात असं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मुद्दाम गुरुजींकडं गेली, सोप्यात फतकल मारून बसली आणि म्हणाली, "रमाबाई, सूर्य डोक्यावर हाय बघा. आता द्या चहा." दोन कप प्याली. तिसराही प्याली असती, पण काकूंचं दूध संपलं.

गुरुजींचा मिलिंद कोल्हापुरात कॉलेजला जायचा. बातमी त्यानंच आणली. रेड अंब्रेला टीव्हीवर येणार! ईशान्येकडच्या डोंगरातला तो चार जणांचा बँड तेव्हा देशभर गाजत होता. मिलिंदकडं त्यांची एक कॅसेट होती, कुणाकडून तरी भरून आणलेली. भरताना खोलीत कोण तरी खोकलं होतं, तेही त्यात आलेलं. आपल्याला ते खोकणं गाण्यातलंच वाटायचं. तू गाणं म्हणताना त्या जागी बरोब्बर खोकायचीस.

अण्णांनी, आपल्या वडिलांनी, दुकानात पेंडीच्या पोत्याला टेकून विचारलं, "कोण येणार म्हणं टीव्हीवर?"

"रेड अंब्रेला," तू म्हणालीस.

"म्हंजे?"

"लाल छत्री."

"छत्रीवाले? पावसाळा संपला की आता!"

त्या दिवसापासून आपल्या घरात त्यांचं नाव छत्रीवाले पडलं ते पडलंच.

कार्यक्रमाच्या दिवशी तू शाळेतून पळतच आलीस. जेवताना तुझा एक घास तोंडात आणि एक डोळा उन्हाकडं. आपण पोचलो तेव्हा मिलिंद कौलांवर चढलेला, दोन्ही हातांनी अँटेना धरून.

"आलं का?" वरून तो.

"मुंग्या!" खालून आपण.

"आता?"

"माणसं आली! पर एकेकाची दोन-दोन हायत!"

"जोतिबाकडं फिरव," गुरुजी म्हणाले.

"आता?"

"गेलं! सगळंच गेलं!"

"मग जरा कागलकडं!"

असं करत मिलिंदनं त्या दिवशी अख्खा जिल्हा फिरवला. शेवटी जोतिबाच्या जरा अलीकडं कुठं तरी चित्र ठरलं आणि सगळा सोपा एकदम ओरडला, "हात काढू नको! तसाच बस!" बिचाऱ्यानं बातमी आणली, कॅसेट आणली आणि छत्रीवाले मात्र कौलांवर बसून नुसते ऐकले.

काय ते दिसत होते अक्का! मागं भलीथोरली छत्री टांगलेली. काळ्या-पांढऱ्या टीव्हीत ती करडी दिसायला हवी, पण मला ती लालच दिसत होती. गाणाऱ्याचे केस डोळ्यांवर आलेले, त्यावर अव्वा म्हणाली, "बांध की रे बाबा ते." मागं पोरं हसली. मग कॅमेरा हळूहळू फिरत मागच्या बाजूला गेला आणि तिथं ड्रमवर ती बसलेली. बारीक कापलेले केस, उघडे दंड, गालात काहीतरी चघळत होती. मागून कोण तरी म्हणालं, "आयला, पोरगी हाय!"

मी तुझ्याकडं बघितलं. तू उभी राहिली होतीस. कधी उठलीस तुलाही कळलं नसेल. मागची पोरं बोंबलत होती, "ए, बस की खाली, दिसंना!" कुणी तरी तुझा परकर ओढला. तू हलली नाहीस. रमाकाकूंनी पोरांना दटावलं, "बघू दे रे तिला." तुझे ओठ हलत होते, बोटं मांडीवर आपटत होती, आणि मला भीती वाटली की ही आता टीव्हीत शिरते की काय.

शेवटच्या गाण्यात सगळे थांबले आणि ती एकटीच वाजवत राहिली. हात दिसेनात, नुसता धुरळा. मग तिनं एक टिपरू वर फेकलं. ड्रमची ती काठी गरगरत पडद्याच्या वर निघून गेली. सगळ्यांनी माना वर केल्या, जशी काही ती गुरुजींच्या आढ्याला लागणार होती. ती खाली यायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. चित्र आकसत आकसत पांढरा ठिपका झालं आणि विझलं.

अंधारात तू किंचाळलीस, "झेललं! झेललं तिनं!"

आणि मी, "न्हाय! पडलं!"

कौलांवरून मिलिंद विचारत होता, "काय झालं? अरे काय झालं?" त्याला कुणी सांगेना. लाईट आली तेव्हा पडद्यावर बातम्या चालू होत्या.

अक्का, आज पुन्हा सांगते. चित्र आकसत होतं तेव्हा मला स्पष्ट दिसलं. टिपरू तिच्या हाताला चाटून खाली गेलं. तू म्हणायचीस की बोटं मिटताना तुला दिसली. एका पडद्यासमोर, एकाच ओळीतल्या दोन बहिणी आणि जन्मभराचं भांडण! पुढं माझ्या मुलानं कॉम्प्युटरवर छत्रीवाले शोधून काढले. बाकीचे कार्यक्रम सापडले, तो सापडला नाही. त्यानं तुला सांगितलं तर त्याला म्हणालीस, "कशाला हुडकतोस रं? मी बघितलोय की."

त्या संध्याकाळनंतर घरात एक वस्तू गप्प राहिली नाही. पाट, घागर, पेंडीचे डबे, दाराची फळी, माझी पाठ. अव्वा म्हणायची, "हिच्या हाताला कोण तरी औषध द्या." औषध तूच शोधलंस. गल्लीच्या टोकाला दस्तगीरचाचा राहायचे. त्यांचा ब्रास बँड आसपासच्या गावांत लग्नाला जायचा. एका रविवारी सकाळी मला ओढत तू त्यांच्या कट्ट्यापुढं उभी राहिलीस.

"चाचा, मला ड्रम शिकवा."

चाचा क्लॅरिनेट पुसत होते. त्यांनी तुझ्याकडं बघितलं, मग आपल्या दुकानाच्या दिशेनं बघितलं. "पोरी, अण्णांनी बघितलं तर ह्यो बँड माझ्याच गळ्यात बांधून मला हिरीत ढकलतील."

"अण्णांना मी बघतो," तू म्हणालीस.

आपल्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. पुढं पुण्याच्या हॉस्टेलवर मैत्रिणी हसल्या, तेव्हा मी ते सोडलं. तू कधी सोडलं नाहीस. त्या दिवशी "मी बघतो" असं तू कंबरेवर हात ठेवून म्हणालीस आणि चाचांनी मुकाट्यानं आतून दोन जुनी टिपरी आणि एक पाट आणून तुझ्यापुढं ठेवला. ड्रमला हात लावायला मिळेपर्यंत दोन पाट फुटले.

मग बबनदादाचं लग्न आलं, कागलला. आपला सख्खा चुलतभाऊ. बँड अर्थातच दस्तगीरचाचांचा. वरात निघायची वेळ झाली, नवरदेव घोड्यावर चढला आणि चाचा अण्णांपाशी येऊन कानात कुजबुजले. त्यांचा ड्रमवाला पहाटे जोतिबाला गेला होता, तो अजून उतरलाच नव्हता.

"तसंच वाजवा," अण्णा म्हणाले.

तसंच वाजवायला लागले. क्लॅरिनेट एकीकडं, ट्रंपेट दुसरीकडं. घोडासुद्धा चालेना. कुणी तरी म्हणालं, "वरात हाय का धान्याची रांग?" तेवढ्यात मला दिसलं, चाचा मागं वळून तुझ्याकडं बघतायत. तू त्यांच्याकडं. पुढं काय झालं ते कळायच्या आत तू साडीचा पदर खोचलास, कुणाच्या तरी डोक्यावरून ड्रम ओढून घेतलास आणि गळ्यात घातलास. तुझं वय सोळा-सतरा. अंगावर अव्वाची हिरवी रेशमी साडी, हातात चुडा. आणि तू वाजवलंस!

अक्का, तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट धावत तुझ्याजवळ आले, हरवलेली पोरं आईला सापडल्यागत. घोड्यानं मान उडवली. खिडक्या उघडल्या. नाचणारी माणसं आधी थबकली, मग दुप्पट नाचायला लागली. आणि अण्णा पुढून वळले.

ते गर्दीतून सरळ तुझ्याकडं आले. लोक बाजूला झाले. बँड थांबला. तू थांबलीस. अव्वानं माझा दंड एवढा दाबला की बोटं उठली. अण्णांनी तुझ्या गळ्यातला पट्टा काढला आणि ड्रम स्वतःच्या हातात घेतला. संपलं, मला वाटलं. सगळ्या वरातीला वाटलं. अण्णांनी पट्ट्याचं बक्कल सोडलं, तीन भोकं वर घेतलं, दातांनी आवळलं आणि ड्रम पुन्हा तुझ्या गळ्यात घातला.

"गुडघ्यावर आपटत होता," ते म्हणाले. "आता वाजीव."

मग काय! देवळापर्यंतचं अंतर तू वाजवलंस आणि सगळं कागल मागून नाचत आलं. गुरुजी नाचले. रमाकाकू नाचल्या. अव्वा नाचली नाही, पण टाळ्या वाजवत होती आणि त्या तालात होत्या.

त्याची किंमत तुला मोजावी लागली, हे मी विसरलेले नाही. ठरत आलेलं एक स्थळ मोडलं. मध्यस्थ घरी येऊन म्हणाला, "मुलगी बँडमधी वाजवती, असं त्यांच्या कानावर आलंय." अण्णा म्हणाले, "वाजवती. बरं वाजवती. चहा घ्या आणि निघा."

नंतर कागलचंच घर मिळालं. भावोजी भले माणूस, पण मोठा बारदाना, म्हशी, सासू-सासरे, दोन मुलं. टिपरी माळ्यावर गेली. इथून आपलं दुसरं भांडण सुरू होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी दर दिवाळीला यायचे आणि म्हणायचे, अक्का, तू वाया घालवलंस. कुठल्या कुठं गेली असतीस. एकदा तू भाकरी थापता थापता पीठभरल्या हातानं माझ्याकडं वळलीस.

"रत्ने, तुला नुसतं काय झालं न्हाय तेवढंच दिसतंय. झालं ते दिसत न्हाय. मी वाजवलो की! गावासमोर वाजवलो. तू केलीस का काय असलं एक तरी?"

मला तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. एवढे हात असलेली बाई, आणि वर्षानुवर्षं भाकरीच थापत बसली! हे मी म्हणणारच. तू नाहीस म्हणून मी माघार घ्यायची, हे तुलाच चाललं नसतं.

आणि मग पन्नाशी गाठता गाठता तू मला पुरती तोंडघशी पाडलंस. कागलच्या महिला मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या असताना तू ताट उलटं करून वाजवलंस म्हणे, आणि त्यातून बायकांचं ढोलपथक उभं राहिलं. मला फोनवर सांगितलंस ते असं, "जरा टाइमपास चाललाय." टाइमपास! गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दुपारी मी कोल्हापुरात घरी भाजी निवडत बसले होते. लोकल चॅनेलवर मिरवणूक लागलेली. निवेदक म्हणाला, "आणि आता कागलच्या महिला..." मी मान वर केली. पहिल्या रांगेत भगवा फेटा, नऊवारी आणि खाली पांढरे बूट, कमरेला ढोल. माझी अक्का! टीव्हीवर!

मी उठून उभी राहिले. मांडीवरची मेथी सगळीकडं सांडली. मुलगा म्हणाला, "आई, बस ना, दिसत नाही." मी नाही बसले. मी ओरडत होते. शेजारच्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या, त्यांनाही मी ओरडूनच सांगितलं, "बघा बघा, ती माझी बहीण! ती पहिली! घाम पुसतेय ती!" कॅमेरा तुझ्यावरून पुढं गेला तर मी कॅमेरावाल्याला शिव्या घातल्या. संध्याकाळी तुला फोन केला तेव्हा माझा आवाज बसला होता आणि तुझे हात सुजले होते. दोघींना बोलता येईना. नुसत्याच हसत राहिलो.

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात. सकाळची भेटायची वेळ. नाकाला नळी, हाताला सुई, तू एवढीशी दिसत होतीस. मला वाटलं, आता काय ताणायचं. तुझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अक्का, मी विचार केला. झेललं असणार तिनं टिपरू. तुझंच खरं."

तू डोळे उघडलेस. "काय म्हणालीस?"

"झेललं तिनं."

"मी मराय लागलोय म्हणून व्हय?" नळीतून शिट्टी वाजली, तरी आवाज तोच, सबंध वॉर्डाला ऐकू जाणारा. "दया करतीस माझ्यावर? भांड की नीट!"

नर्स धावत आली. "मावशी, बोलू नका."

"तुमी थांबा हो जरा. रत्ने, भांड!"

मग मी भांडले. म्हणाले, "पडलं होतं टिपरू. ठण्णकन आवाज करून पडलं."

"आवाज कसा आला?" तू म्हणालीस. "लाईट गेलती की!"

आणि हसलीस. तू हसलीस तशी त्या मशिनीवरची रेघ उड्या मारायला लागली आणि नर्सनं मला बाहेर काढलं. चार गोष्टी बोलायच्या राहून गेल्या. तू होतीस म्हणून मी पुण्याला शिकू शकले, अण्णांपुढं माझी बाजू तू मांडलीस, हे मी कधी तोंडानं म्हटलं नाही. आता इथं म्हणते. पण खरं सांगू? आपलं शेवटचं बोलणं रडारडीचं न होता भांडणाचं झालं, याचा मला विलक्षण आनंद आहे.

काल सकाळी तुझ्या पथकातल्या बायका आल्या. पुढं सुरेखा, ती अंगणवाडीतली. डोळे रडून लाल, पण आल्याआल्या मुद्द्यावर. "ताई, रविवारची प्रॅक्टिस थांबवायची न्हाय, असं अक्कांनी सांगून ठेवलंय. पर त्यांची जागा मोकळी ठेवून वाजवाय लागलो तर पुढचा दात पडल्यागत दिसतंय. तुमी उभ्या ऱ्हावा."

"अगं, मला तालातलं ओ की ठो कळत नाही."

"आमाला तरी कुठं कळत होतं? चला."

भावोजीही म्हणाले, "जा, जा." गेले. कागलच्या शाळेचं मैदान, कडुलिंबाच्या ओळी, पंधरा-वीस बायका. कुणी शेतावरून आलेली, कुणी बँकेतली, एक तर सुनेला घेऊन आलेली. सुरेखानं ढोल माझ्या कमरेला बांधला. केवढा जड असतो गं तो! तू कधी बोलली नाहीस.

"चुकले तर?" मी विचारलं.

"चुकाच की," सुरेखा म्हणाली. "अक्का पहिल्या दिवशी सगळ्यास्नी एकच सांगायच्या. चुकायचं असंल तर मोठ्यानं चुका. बारीक चुकलेलं कुणालाच कळत न्हाय, मग ते तसंच ऱ्हातंय."

तिनं हात वर केला. सगळ्या एकदम वाजवून एकदम थांबल्या आणि त्या शांततेत माझा ढोल एकटाच वाजला. काय वाजला! कडुलिंबावरची सगळी पाखरं उडाली. मैदानाच्या कडेनं जाणारा सायकलवाला उतरला. आधी त्या सुनेला हसू फुटलं, मग सासूला, मग सगळ्यांना, आणि हसता हसता कोण कोण रडत होतं ते मला दिसेना, कारण मला काहीच दिसत नव्हतं.

सुरेखानं डोळे पुसले आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "हां! ऐकू आलं! आता परत!"

मी परत हात उचलला.